आजीची वाकळ आणि मुरमाचं मैदान

विहिरीतली उलटी उडी मला दहाव्या वर्षापासून येते. आमचं गाव गंगाखेडपासून आठ-नऊ किलोमीटरवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी विहिरीवर गेलेली पोरं डोळे लाल झाल्यावरच घरी परतायची. आधी काठावरून मुटका, मग सूर, आणि धीर आला की थारोळ्यावर, म्हणजे विहिरीच्या काठावर मोटेचं पाणी पडायचं तिथं, पाठमोरं उभं राहून उलटी. त्यामुळे तेविसाव्या वर्षी हीच उडी जमिनीवर मारायची असं ठरवलं, तेव्हा अर्धं काम झालेलंच आहे असं मला वाटलं होतं. टणक जमिनीवर पहिली उडी नीट उतरायला त्यानंतर दहा महिने लागले, आणि त्यातले बरेचसे पाण्यानं लावलेल्या सवयी मोडण्यात गेले.

हे लिहून ठेवतोय, कारण आमच्या भागात हे शिकवणारं कुणी नाही, आणि मोबाइलवर बघून थेट डांबरी रस्त्यावर पलट्या मारणारी पोरं मी रोज पाहतो. मला त्यांची काळजी वाटते.

मी स्वतःसुद्धा मोबाइलवरूनच सुरुवात केली. पार्कूर हा शब्द तिथंच ऐकला. फ्रान्समधल्या लिस नावाच्या गावात डेव्हिड बेल आणि त्याच्या मित्रांनी हा प्रकार वाढवला. वाटेत भिंत, कठडा, नाला जे येईल ते अंगाच्या बळावर पार करत पुढं जायचं. त्याच मित्रांतल्या सेबास्टियन फूकाँमुळे २००३ च्या सुमारास फ्रीरनिंग हे नाव जगभर पोचलं. भिंत ओलांडायला कुणाला हवेत उलटं व्हावं लागत नाही, म्हणून मूळ पार्कूरमध्ये पलटीला फारसं स्थान नाही. फ्रीरनिंगमध्ये आहे. मला पलटीच हवी होती. जमिनीवरून उठून आकाश बघत फिरायचं आणि पुन्हा त्याच जागी दोन पायांवर उभं राहायचं, याची मला लहानपणापासून ओढ आहे.

अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "डोंबाऱ्यावानी उड्या मारून काय मिळायलंय तुला?" मी म्हणालो, अप्पा, हा आता खेळ आहे. जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०२२ च्या ऑक्टोबरात टोकियोला त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. अप्पा म्हणाले, "मान मोडल्यावर टोकियोवाले येणार हायत का बघायला?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. प्रश्न बरोबरच होता.

डोंबाऱ्यांचं नाव त्यांनी हिणवायला घेतलं, पण माझ्या मनात ते वेगळ्याच कारणानं राहिलं. लहानपणी आठवडी बाजारात त्यांची लेकरं टणक रस्त्यावर पलट्या मारताना मी पाहिली आहेत. खाली पोतंसुद्धा अंथरलेलं नसायचं, आणि त्या उडीवर त्यांच्या घरची चूल पेटायची. ढोल अजून कानात आहे. त्या लेकरांचे पाय जमिनीला लागल्याचा आवाज मात्र कितीही आठवून पाहिला तरी आठवत नाही. तो न आठवण्याचं कारण मला पुढं पावसाळ्यात समजलं.

मे २०२३ मध्ये मी गंगेच्या वाळूत सुरुवात केली. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. उन्हाळ्यात कडेचं पात्र उघडं पडतं, पण वाळू उपशाच्या खड्ड्यांमुळे सपाट जागा शोधावी लागते. मामेभाऊ सोबत होता. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे त्याचं पळणं झालं की आम्ही दोघं नदीवर. पहिल्याच दिवशी मी विहिरीवर उभा राहतो तसा पाठमोरा उभा राहिलो, मान मागं टाकली, आणि गुडघ्यांवर आणि तळहातांवर पडलो. दुसऱ्यांदा तसंच. विसाव्यांदाही तसंच.

भाऊ म्हणाला, "दादा, तू मान फेकायलास. वर जायच्या आधीच मागं चाललास."

त्यानं मोबाइलवर काढलेलं चित्रण हळू करून पाहिलं, तेव्हा पटलं. मान आधी मागं गेली की पाठीची कमान होते, छाती आकाशाकडे जाते आणि पाय जमीन पुरती ढकलायच्या आतच सुटतात. उडी उंच जात नाही, लांब मागं जाते. विहिरीत याचा त्रास कधीच झाला नव्हता, कारण आमच्या विहिरीचं पाणी थारोळ्यापासून दहा-बारा हात खाली असतं. तेवढ्या अंतरात हवेत सेकंदाहून जास्त वेळ मिळतो. जमिनीवर किती मिळतो ते पाहायला मी भिंतीजवळ उभा राहून बोटाला खडू लावला, हात वर करून एक खूण केली आणि उडी मारून दुसरी. दोन खुणांत दीड फूट अंतर भरलं. दीड फूट उडी म्हणजे वर जाऊन खाली यायला साधारण ०.६ सेकंद. एवढ्यात अख्खी फेरी पुरी करायची.

आणि गिरकी जी मिळते ती पाय जमीन सोडतानाच. एकदा हवेत गेल्यावर धडपड करून ती वाढवता येत नाही. हातात एकच गोष्ट उरते, अंगाचा गोळा करणं. गुडघे छातीशी घेतले की तीच गिरकी भराभर फिरते, अंग ताणलं की मंदावते. बैठ्या फिरत्या खुर्चीवर हात पसरून आणि जवळ घेऊन हे कुणीही करून पाहावं. म्हणजे कामाचा क्रम असा: हात कानांजवळून सरळ वर, नजर समोर, पाय पूर्ण ताणेपर्यंत जमीन ढकलायची, आणि मग गुडघे वर. मान शेवटी, आपोआप. विहिरीत मी बरोबर याच्या उलट करत होतो.

आठव्या दिवशी अपघात झाला. उडी चांगली उठली होती, भाऊही नंतर तेच म्हणाला. डोकं खाली असताना माझ्या मनात आलं, नको. त्या एका क्षणात मी गोळा सोडला, अंग उघडलं, आणि वाळूत उजवा हात टेकून पडलो. मनगट संध्याकाळपर्यंत सुजलं. आईनं आंबेहळदीचा लेप लावला. सूज उतरेना म्हणून दुसऱ्या दिवशी परभणीला गेलो. एक्स-रेत काही दिसलं नाही, तरी डॉक्टरांनी दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं. अंगठ्याच्या बाजूला मनगटात स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं, हात टेकून पडलं की ते मोडू शकतं, आणि पहिल्या एक्स-रेत ती चीर कधी कधी दिसत नाही, असं त्यांनी समजावलं. दुसऱ्या एक्स-रेतही हाड शाबूत निघालं. मनगटाला पट्टा मात्र सहा आठवडे राहिला. जे कुणी हे शिकतायत त्यांना एवढंच हात जोडून सांगतो, पडून मनगट दुखत असेल तर नुसता लेप लावून बसू नका.

पट्टा बांधून ओट्यावर बसलो असताना मला पडण्यापेक्षा त्या "नको" ची जास्त भीती वाटायची. वाकडीतिकडी पण पुरी मारलेली उलटी गुडघ्यावर नाहीतर बुडावर पडते. अर्ध्यात सोडलेली डोक्यावर आणि मानेवर येते. म्हणजे थांबायचं असेल तर ते पाय जमिनीवर असताना. मला ते "नको" जमिनीवर उभं असताना म्हणायला शिकायचं होतं.

पावसाळा असा गेला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मी त्याच दिवसांत शिकलो. हाताला भार द्यायचा नव्हता, म्हणून फक्त उतरायचा सराव. आमच्या घराचा ओटा अडीच फूट उंच आहे, खाली शहाबादी फरशी. ओट्याच्या आतल्या खोलीत आजी दुपारी पडलेली असते. तिची झोप मोडली नाही पाहिजे, हाच माझा नियम. पंजा आधी, टाच मागून, गुडघे आणि कंबर एकदमच वाकलेली, छाती फार पुढं नाही. पहिले दिवस आजी आतून ओरडायची, "आरं काय पडायलंय रे धपाधपा?" मग आवाज कमी होत गेला. भादव्याच्या सुमारास एका दुपारी मी चाळीस वेळा उतरलो आणि आजी घोरतच होती. त्या दुपारी मला बाजारातली ती लेकरं आठवली. त्यांच्या पायांचा आवाज मी ऐकलाच नव्हता, म्हणून तो आठवत नव्हता. टणक जमिनीवर आवाज म्हणजे तेवढा धक्का गुडघ्यात, नळीत आणि कमरेत गेलेला. वाळूत हे कधीच कळलं नसतं, वाळू सगळेच आवाज गिळते.

खांद्यावरची कोलांटीही तेव्हाच बसवली. उडी चुकली तर वेग कुठंतरी जायला हवा, तो या कोलांटीतून जातो. लहानपणची कोलांटी मधल्या कण्यावरून जाते, फरशीवर ती केली की एकेक मणका टोचतो. खरी कोलांटी उजव्या खांद्यावरून तिरपी डाव्या कमरेकडे उतरते. ती नीट जाते की नाही हे स्वतःला दिसत नाही. मग भावानं युक्ती काढली. अंगणात कोरडी माती भुरभुरवायची आणि मी पांढरं बनियन घालून लोळायचं. मग तो माझी पाठ वाचायचा. "दादा, मधीच डाग पडलाय. मणक्यावर गेलास." पंधरा-वीस दिवसांनी बनियनवर खांद्यापासून कमरेपर्यंत एकच तिरपा पट्टा उमटला. धुवायच्या आधी तो आईला दाखवला. ती म्हणाली, साबण तू आणून दे.

दिवाळीच्या आधी सोयाबीनची रास झाली आणि खळ्यात गुळीचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुसकटाचा, ढीग लागला. त्यावर पुढची पलटी शिकलो. पुढची सोपी वाटते कारण आपण समोर जातो, पण उतरताना जमीन दिसत नाही, आणि उलटीत ती शेवटच्या पाव फेरीत डोळ्यांसमोर येते. म्हणून टणक जमिनीवर आधी उलटीच करायची, हे तिथं ठरलं. गुळीनं एक वाईट सवयही लावली. तिच्यात बसून उतरलं तरी चालायचं, आणि मी उकिडवा उतरायला लागलो. टणक जमिनीवर तसं उतरलं की गुडघा हनुवटीवर येतो.

काळ्या रानात सराव का केला नाही असं मला दोघा-तिघांनी विचारलं. आमचं रान भारी काळं. पावसात ते बुटाला किलो-किलोनं चिकटतं आणि पाय सटकतो, उन्हाळ्यात वाळून आक्रसतं आणि भेगा पडतात. काही भेगांत अख्खा पंजा जाईल. उडी मारताना आणि उतरताना पायाखालची जमीन दोन्ही वेळा सारखीच लागते, ती काळं रान देत नाही.

डिसेंबरात मागच्या अंगणात गाद्या टाकल्या. कापसाच्या तीन जुन्या गाद्या एकावर एक, त्यावर आजीची वाकळ. उठायचं मात्र टणक मातीवरूनच. वाळूत ढकललेलं निम्मं बळ पायाखालीच जिरतं. इथं पहिल्याच उडीला मी माझ्या अंदाजापेक्षा उंच गेलो. टणक जमीन उडवतेसुद्धा, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

भाऊ बाजूला उभा राहायचा, एक हात माझ्या कमरेच्या मागं, दुसरा मांडीच्या मागच्या बाजूला. कमरेचा हात वर उचलतो, मांडीचा हात फिरवतो. त्याला हे नीट यावं म्हणून आधी त्याच्या हातांवर नुसतं मागं टेकायचं, मग अर्धी उडी, मग पुरी. दोन आठवड्यांत तो म्हणायला लागला, "दादा, माझा हात नुसता लागायलाय, भार नाही." मग फक्त कमरेचा हात. मग दोन बोटं. मग तो हात मागं बांधून जवळ उभा.

त्याच्यानंतर गाद्या कमी केल्या. आम्ही ठरवलं होतं, लागोपाठ तीन दिवस दहापैकी दहा उड्या पायांवर उतरल्या तर एक गादी काढायची. एक जरी हातावर गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तीनच्या दोन व्हायला बारा दिवस लागले, दोनची एक व्हायला नऊ. शेवटची गादी निघाली तेव्हा जानेवारी संपत आला होता. खाली राहिली फक्त वाकळ.

वाकळीबद्दल थोडं सांगायला हवं. आजीच्या जुन्या लुगड्यांची, आत अप्पांची धोतरं, वरून लांब-लांब टाके. तिची जाडी बोटभर. दीड फूट उंचीवरून येणाऱ्या साठ किलोच्या माणसाला ती काय झेलणार? धक्का मातीचाच बसत होता, पंजाला तो नीट कळत होता. पण वाकळ अंथरलेली असली की मी उडी मारायचो आणि काढली की पाय उचलायचे नाहीत. भावानं ती हळूच एक वीत सरकवली तरी मला कळायचं. पाच-सहा दिवस हे चाललं. मग मी स्वतःच रोज एक घडी घालायला लागलो. अर्धी वाकळ, मग पाव, मग पाट असतो एवढी. शेवटी ती पोळपाटाएवढी घडी दोन पावलं मागं ठेवलेली, मी तिच्यावर उतरतही नव्हतो. नुसती तिथं असायची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तालुक्याच्या मैदानावर गेलो. मुरमाचं मैदान, पहाटे साडेपाचला भरतीच्या पोरांनी भरलेलं. कुणी सोळाशे मीटर पळतंय, कुणी गोळा फेकतंय. आम्ही कोपऱ्यात आठ बाय आठ फुटांचा तुकडा झाडून काढला, कारण मुरमाचे सुटे खडे पायाखाली गोळ्यांसारखे फिरतात. बाटलीभर पाणी शिंपडलं की तो बसतो आणि बूट धरतो. बूट पातळ, सपाट तळाचे. जाड मऊ तळाच्या पळायच्या बुटांत मी एकदा घोटा वळवून घेतला होता, उतरताना ते एका बाजूला कलतात.

पहिल्या दिवशी मी चाळीस मिनिटं उभा राहिलो. हात वर न्यायचो, खाली आणायचो. मनात "नको" यायचं, आणि पाय जमिनीवर असतानाच यायचं. मी ते ऐकलं. भावाला म्हणालो, आज नाही. तो एक शब्द बोलला नाही, बाटली उचलली आणि गाडी काढली. त्या सकाळचा मला जराही खेद नाही.

तिसऱ्या दिवशी तो आवाज आलाच नाही. मी थांबून वाट पाहिली, तरी आला नाही. हात मागं गेले, गुडघे वाकले, बुटाखाली मुरूम करकरला. समोर पाण्याच्या टाकीवर नजर. हात कानांजवळून वर. टाकी खाली जाताना दिसली, मग फिकं आकाश, मग माझे गुडघे. त्यानंतर लाल मुरूम, झाडूच्या रेघांसकट, इतका स्पष्ट की एकेक रेघ मोजता आली असती. पाय लागले. टाचांना झिणझिण्या आल्या, डावा पाय अर्धं पाऊल मागं गेला, आणि मी उभा होतो.

भाऊ म्हणाला, "दादा, आवाज नाही आला."

एवढं बोलून तो रडायला लागला, आणि मीही. गोळा फेकणारी दोन पोरं काय झालं म्हणून धावत आली.

त्या दिवशी मी फक्त तीन मारल्या. अजूनही टणक जमिनीवर दिवसाला दहाच्या वर जात नाही, आणि आठवड्यातून तीनच दिवस. एप्रिलमध्ये उत्साहात रोज तीस-तीस मारल्या होत्या, तर नडगीचं हाड पायऱ्या उतरताना ठणकायला लागलं, दोन आठवडे बसावं लागलं. बाकीचा सराव गादीवर. काँक्रीटवर मी जूनमध्ये गेलो, आणि खरं सांगायचं तर मुरमानंतर त्यात नवीन काही नव्हतं. शहाबादीवर उलटी मी कधी मारणार नाही, धूळ बसलेली ती फरशी घसरते. मेच्या बेचाळीस अंशांत सकाळी आठनंतर मैदानावर थांबत नाही. तापलेल्या जमिनीवर माणूस उडी आटपायची घाई करतो.

अप्पांनी उडी अजून प्रत्यक्ष पाहिलेली नाही. भावानं मोबाइलवर दाखवली तेव्हा त्यांनी ती दोनदा लावायला सांगितली आणि विचारलं, "खाली काय अंथरलंय?" काहीच नाही म्हटल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओट्याची हललेली कड त्यांनी सिमेंटनं पक्की करून टाकली.

गल्लीतला नववीतला एक पोरगा आता माझ्याकडे येतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, काका, डायरेक्ट उलटी शिकवा. मी त्याला पांढरं बनियन घालून यायला सांगितलं. महिना झाला, तो अंगणात लोळतोय, ओट्यावरून उतरतोय, आणि आजी आतून त्याच्यावर ओरडते. परवा तो पाठ करून उभा राहिला, पट्टा बराचसा तिरपा आला होता, कमरेजवळ थोडा तुटलेला.

वाकळीचा एक कोपरा त्या दिवसांत टाचांनी फाटला होता. आजीनं त्याला आपल्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलं आणि घडी करून माझ्या हातात दिली. "त्या लेकराला लागंल," म्हणाली.